जवस कपाटावरून उतरेना

सत्यशीला गावंडेला लहानपणापासून एक सवय होती. भीती वाटली, की ती आधी स्वतःचीच समजूत काढायची. तिचं घर वाशीम जिल्ह्यात, कारंजाला. घरात तीन दांडगे भाऊ. अंगणात काही वाजलं आणि ही दचकली, की तिघं मिळून "भागूबाई, भागूबाई" करत तिला रडवायचे. मग ती भीती गिळायला शिकली. "तसं काही नसेल," असं म्हणायचं आणि पुढचं काम हातात घ्यायचं. पुण्यात येऊन, कोथरूडच्या एका खासगी क्लासमध्ये दहावीच्या मुलांना गणित शिकवू लागली, चौतिशी गाठली, तरी ही सवय काही सुटली नाही. रिक्षावाल्याने भलतीच वाट धरली, तर "इकडून जवळ पडत असेल." एखाद्या पालकाचा हात खांद्यावर जरा जास्तच वेळ राहिला, तर "वडिलकीने ठेवला असेल." नको असलेला चहा ती प्यायची आणि नको असलेल्या गप्पाही हसत ऐकून घ्यायची.

राहायला ती कोथरूडच्या जुन्या गावठाणाला लागून असलेल्या एका तीन मजली इमारतीत होती. मालक साईनाथराव मूळ गावातलेच. शेतं गेली, त्यावर इमारती आल्या, त्यातली ही एक त्यांनी स्वतःकडे ठेवली होती. तळमजल्यावर ते आणि त्यांची म्हातारी आई बायडाबाई. पहिल्या मजल्यावर मुक्ताई नावाची हिंगोलीकडची बाई शिवणकाम करायची, दिवसभर तिच्या मशीनची घरघर जिन्यात ऐकू यायची. दुसऱ्या मजल्यावर सत्यशीला. तिच्यावर गच्ची.

साईनाथराव पंचावन्नच्या पुढचे, विधुर, कपडे नेहमी इस्त्रीचे. तोंडात कायम लवंग. बोलणं मऊ, पण पुणेरी तिखट. सत्यशीलाने भीतभीत विचारलं होतं, "काका, मांजर पाळली तर चालेल का?" तेव्हा ते म्हणाले होते, "चालेल की. मांजर चालेल, पाहुणे चालणार नाहीत. मांजर निदान पार्किंग अडवत नाही." दाराला लॅचचं कुलूप होतं. "किल्ल्या दोनच आहेत, दोन्ही तुमच्याकडे. हरवलीत तर मला हाक मारून उपयोग नाही," हेही त्यांनी वर सांगून ठेवलं होतं.

मांजर तिला क्लासच्या जिन्याखाली, विजेच्या मीटरमागे सापडली. मूठभर जीव, तपकिरी आणि चकचकीत, अगदी गावाकडच्या जवसासारखा रंग. म्हणून नावही जवस.

जवस घरात आली आणि सत्यशीलाला पहिल्यांदाच कळलं, की एखादा जीव नको ते सरळ नको म्हणू शकतो. ही बया मांडीवर झोपायची, पण मन भरलं की उठून चालायला लागायची. ना माफी, ना कारण. हाक मारली तर येईलच असं नाही. आवडत्या माणसालाही ती आधी लांबून बघायची, वास घ्यायची, मग पुढे यायची. दार उघडलं तरी बाहेर धावत सुटायची नाही. उंबऱ्यावर थांबून कान फिरवायची, जिन्यातले आवाज मोजून घ्यायची आणि मगच पाऊल टाकायची. कुकरची शिट्टी झाली की पलंगाखाली पसार. पण शिट्टी थांबली, की बाहेर येऊन अंग चाटायची आणि जेवायला बसायची. मगाशी भ्याले होते याची तिला लाज वगैरे काही नव्हती.

"किती गं भित्री तू," सत्यशीला हसून म्हणायची. भाऊ आपल्याला जे म्हणायचे तेच आपण मांजरीला म्हणतोय, हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं नाही.

दिवाळी उलटून गेल्यावर जवस बदलली.

एका संध्याकाळी सत्यशीला क्लासवरून आली. एरवी किल्लीचा आवाज झाला की जवस दाराशी शेपूट उभारून हजर असायची. त्या दिवशी ती कपाटावर होती, अगदी भिंतीला चिकटून. डोळे मोठे, कान मागे दाबलेले. खाली वाटीतलं खाणं तसंच होतं. "फटाके वाजले असतील कुठे तरी," सत्यशीला म्हणाली आणि खुर्चीवर चढून तिला उतरवायला गेली, तर जवसने कधी नव्हे तो पंजा मारला.

दुसऱ्या दिवशी ती ठीक होती. दोनचार दिवसांनी पुन्हा कपाटावर. मग पुन्हा. सकाळी सत्यशीला घरात असताना मांजर खायची, खेळायची. संध्याकाळी आलं की कधी ठीक, तर कधी अशी पाषाणासारखी. सत्यशीला तिला प्राण्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं, दात पाहिले, ताप बघितला.

"तब्येत उत्तम आहे. घरात कोणी नवीन माणूस येतं का?"

"नाही हो. मी एकटीच असते."

"दिवसा? तुम्ही नसताना?"

"मी नसताना कोण येणार?" सत्यशीला हसली.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "कशाला तरी घाबरतीये ती. बघा शोधून."

परत येताना पिशवीतून जवस ओरडत होती आणि सत्यशीलाला डॉक्टरीणबाईंचा तो प्रश्न पुन्हा पुन्हा आठवत होता. त्यानंतर तिला गोष्टी दिसायला लागल्या. म्हणजे आधीही त्या होत्याच, फक्त तिने त्यांची समजूत घालून ठेवली होती. सकाळी ताणून घातलेल्या चादरीवर मधोमध बसल्यासारखी खळगी. कंगवा आरशाच्या डाव्या बाजूला, जो ती उजवीकडे ठेवायची. कपाटातली ओढणी घडी घातलेली, पण तिच्या हातची घडी नव्हे. आणि एकदा दार उघडल्याबरोबर आलेला हलका, गोडसर, तिखट वास. तो कसला ते तिला पटकन आठवेना. ती दारातच थांबली. कपाटावर जवसचे दोन डोळे चमकत होते.

त्या रात्री तिने पलंगाखाली, मोरीत, गच्चीच्या दारापर्यंत सगळीकडे बघितलं. आईचा फोन आला.

"काय झालं वं बाई? आवाज असा काहून येऊन राह्यला?"

"काही नाही वं माय. सर्दी झाली."

क्लासमधल्या उत्कर्षाला तिने सांगून पाहिलं. उत्कर्षा विज्ञान शिकवायची, मैत्रीण चांगली होती, पण तिचा स्वभाव घाईचा. "ओव्हरथिंक करतेस गं तू. एकटी राहतेस, त्यात परीक्षा जवळ आल्यात. कंगवा इकडचा तिकडे आपणच ठेवतो आणि विसरतो. आणि मांजरांचं काय, मांजरं विचित्रच असतात."

सत्यशीलाला ते पटलं. पटवून घ्यायची तिला सवयच होती. तरी मनातली भीती जाईना, तेव्हा तिने तिच्या मते सगळ्यात शहाणपणाची गोष्ट केली. ती साईनाथरावांकडे गेली.

ते जिन्यात उभे राहून ऐकत होते. मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "अहो गावंडे मॅडम, एकट्या बाईमाणसाच्या मनात असं येणारच. तुमचा दोष नाही. कुलूप भक्कम आहे, खाली मी आहे, आई आहे. इथे चिमणीसुद्धा मला विचारल्याशिवाय वर जात नाही." मग जरा हसून, "मांजरीला एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाकडे दाखवा. पुण्यात तेही मिळतात."

"सॉरी काका, उगीच तुम्हाला त्रास दिला," सत्यशीला म्हणाली.

बोलत बोलत ते तिच्या दारापर्यंत आले होते. ते खाली गेल्यावर ती आत वळली. जवस कपाटावर नव्हती. शोधता शोधता ती गॅसच्या सिलेंडरमागे सापडली. अंगाचा गोळा करून बसली होती आणि तिच्याखालची फरशी ओली झाली होती. इतकी शहाणी, स्वच्छ मांजर, भीतीने तिथल्या तिथे मुतली होती. दार बंद होतं. तिने कुणाला पाहिलं नव्हतं. फक्त आवाज ऐकला होता.

सत्यशीला फरशी पुसायला खाली बसली आणि तेव्हा तिला तो वास आठवला. लवंग.

तिचे हात थांबले. मग पुन्हा चालू लागले. छे. तसं काही नसेल. वडिलांसारखा माणूस. लवंग काय कुणीही खातं. जिन्यातून वास येत असेल, खिडकी उघडी राहिली असेल. ती फरशी पुसत राहिली आणि एकेक कारण मांडत राहिली. सिलेंडरमागे जवस मात्र थरथरत होती. तिला कारणं मांडता येत नव्हती. भीती आहे एवढंच तिला माहीत होतं, आणि तेवढं तिला पुरत होतं.

कुलूप बदलावं असं सत्यशीलाच्या मनात आलं. पण मालकाला न विचारता कसं बदलायचं? आणि विचारायचं तर काय सांगून? तिने फक्त आतली कडी तेवढी रोज नेमाने घालायला सुरुवात केली. ती घरात नसताना कडी घालणार कोण, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला नाही.

त्या आठवड्यात तिची स्कूटर बंद पडली आणि गॅरेजमध्ये राहिली. गुरुवारी दुपारी क्लासमध्ये शिकवता शिकवता तिचं डोकं असं ठणकायला लागलं, की फळ्यावरचे आकडे नाचायला लागले. उत्कर्षाने तास सांभाळला आणि तिला घरी पाठवलं. बसने उतरून ती चालत आली. तळमजल्याचं दार लोटलेलं होतं. खाली तिच्या स्कूटरची जागा रिकामीच होती, बघणाऱ्याला ती घरी नाही असंच वाटलं असतं. ती वर गेली, चपला आत काढल्या, आणि आतली कडी घालायचं भान न राहता पडद्याआडच्या पलंगावर आडवी झाली. जवस येऊन तिच्या पोटावर बसली. खालून मुक्ताईच्या मशीनची घरघर येत होती. तिचा डोळा लागला.

पोटावरचं वजन हललं म्हणून ती जागी झाली. जवसने मान वर केली होती. कान दाराकडे. सत्यशीलाला काहीच ऐकू येत नव्हतं. मशीन चालूच होती. मग जवसच्या पाठीवरचे केस मानेपासून शेपटीपर्यंत हळूहळू उभे राहिले. ती आवाज न करता पलंगावरून उतरली आणि पोट फरशीला लावून, सरपटत, स्वयंपाकघरात गेली.

सत्यशीला त्या क्षणाबद्दल पुढे अनेकदा बोलली. ती म्हणायची, मी विचार केला नाही. केला असता तर पलंगावरच राहिले असते. मांजर गेली तशी मी तिच्यामागे गेले.

ती अनवाणी स्वयंपाकघरात शिरली, फ्रीजच्या आडोशाला, आणि तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली.

दार उघडलं. हळूच लोटलं. कुणी तरी दाराबाहेर चपला काढत होतं, एकेक करून, देवळात काढाव्यात तशा. मग आत पावलं आली. लवंगेचा वास आला. पलंग करकरला. कुणी तरी तिच्या उशीवर हाताने थोपटलं आणि गुणगुणायला लागलं.

फ्रीजला धक्का लागून आवाज होऊ नये म्हणून सत्यशीलाने अंग आखडून घेतलं. आणि तरीही तिच्या जिभेवर एक वाक्य तयार झालं होतं. "काका, काही हवं होतं का?" अगदी नेहमीच्या आवाजातलं, आर्जवी वाक्य. ते बोललं की सगळं ठीक होईल, तेही काही तरी कारण सांगतील, आपण सॉरी म्हणू आणि ते जातील. आपण ते वाक्य खरंच बोलणार आहोत हे जाणवलं, तेव्हा तिला त्या माणसापेक्षा स्वतःचीच जास्त भीती वाटली.

गुणगुणणं थांबलं. पावलं स्वयंपाकघराकडे वळली. "आज कपाटावर नाही वाटतं बाईसाहेब?" तो मऊ आवाज म्हणाला. "कुठे दडलीस?"

ओट्याखालून जवस बाहेर आली. तिला पळायला जागाच नव्हती. ती वाकडी झाली, शेपूट फुगली, एवढीशी मांजर दुप्पट दिसायला लागली आणि ती फिस्कारली. कुठून आला तो आवाज कोण जाणे, पण तो आला आणि दारातली पावलं अडखळली.

मग सत्यशीला ओरडली.

शब्द नव्हते त्यात. आयुष्यात तिने तसा आवाज काढला नव्हता. हाताला लागलं ते कुकरचं झाकण तिने ओट्यावर आपटलं, पुन्हा आपटलं, आणि ओरडतच राहिली. खाली मशीन बंद पडली.

साईनाथराव दारात उभे होते. चेहरा पांढरा. पण लगेच सावरले. "अहो, ओरडता काय! नळ गळतोय का बघायला आलो होतो. खाली ओल आली आहे. तुम्ही घरात आहात हे मला काय माहीत?"

कारण आलं होतं. चांगलं, घट्ट, नेहमीच्या वापरातलं. सत्यशीलाला ते उचलता आलं असतं.

"बाहेर व्हा," ती म्हणाली.

"अहो, शांतपणे..."

"बाहेर व्हा!"

मुक्ताई धापा टाकत वर आली होती, हातात कापड कापायची मोठी कात्री तशीच. तिने एकदा सत्यशीलाकडे पाहिलं, एकदा मालकाकडे, आणि काही न विचारता सत्यशीलाच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिच्यामागे कठडा धरत धरत बायडाबाई आल्या. म्हातारीची नजर दाराबाहेर गेली, जिथे चपला नीट जोडून ठेवल्या होत्या.

"साई, तू नळ बघाया आलास ना? मग पान्हा कुठं हाय?"

साईनाथराव चपला पायात सरकवून खाली निघून गेले. बायडाबाई जिन्याच्या पायरीवर मटकन बसल्या. कुणाकडे न बघता बोलल्या, "आदीची पोरगी बी अशीच एका दिसात सामान भरून गेली. रडत व्हती. म्या म्हनलं, तिच्याच डोक्यात कायतरी हाय."

उत्कर्षाला फोन केला तेव्हा ती तास अर्धवट सोडून आली. "आणि मी तुला ओव्हरथिंक करतेस म्हटलं होतं," ती म्हणाली आणि सत्यशीलाला घेऊन निघाली. दोघी आणि मुक्ताई पोलीस चौकीत गेल्या. तिथल्या हवालदाराने आधी विचारलं, "चोरीला काय गेलं?" काही नाही म्हटल्यावर त्याने पेन खाली ठेवलं. सत्यशीला उठली नाही. "काही गेलं नाही म्हणूनच लिहून घ्या," ती म्हणाली. शेवटी एक महिला अधिकारी आल्या आणि त्यांनी पहिल्यापासून सगळं लिहून घेतलं. कपाटावरच्या मांजरीसकट.

त्या संध्याकाळी सत्यशीलाने सामान भरलं आणि उत्कर्षाकडे गेली. महिनाभराने तिला कर्वे पुतळ्याच्या पलीकडे एका सोसायटीत जागा मिळाली. पहिलं काम तिने कुलूप बदलायचं केलं. नव्या मालकीणबाईंना विचारलं नाही, फक्त कळवलं.

नव्या घरात जवस पहिला दिवसभर पलंगाखाली होती. मग बाहेर आली, कोपरा न् कोपरा हुंगला, खिडक्या पाहिल्या, दारापाशी बराच वेळ बसली. तिसऱ्या दिवशी ती उन्हात पोट वर करून झोपली होती. तिच्यासाठी ते प्रकरण संपलं होतं. सत्यशीलासाठी संपायला फार वेळ लागला. कुणी लवंग चघळत जवळून गेलं तरी तिच्या हाताला घाम सुटायचा. घरी आली की ती आधी दारात उभी राहून जवस कुठे आहे ते बघायची, आणि ती दाराशी दिसली की मगच आत पाय ठेवायची. यात आपल्याला काही झालंय असं तिला वाटायचं नाही. उंबऱ्यावर थांबून घर नीट पाहून घेणं हे तिने शिकून घेतलेलं होतं. आणखी एक तिने शिकून घेतलं, पण ते तिला अजून पूर्ण जमत नाही. भीती आली की तिला येऊ द्यायची, तिचं ऐकायचं, आणि ती गेली की जेवायला बसायचं.

क्लासमधल्या दहावीच्या मुलींना ती एरवी गणितापलीकडचं काही सांगत नसे. एकदा तास संपताना तिने फळा पुसला आणि म्हणाली, "एखाद्या ठिकाणी, एखाद्या माणसाजवळ भीती वाटली, तर आधी तिथून निघा. का वाटली ते नंतर शोधा. नाही सापडलं तरी चालेल." मुली एकमेकींकडे बघून हसल्या. एक मुलगी हसली नाही. सत्यशीलाने तिला थांबवून घेतलं, तिच्याशी बोलली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या आईला भेटायला गेली.

केस चालू राहिली. साईनाथरावांचा वकील म्हणायचा, दुरुस्तीसाठी मालकाला आत जावंच लागतं. मुक्ताईने साक्ष दिली आणि तीही ती जागा सोडून गेली. पण अधिकारी बाई म्हणाल्या, आधीची भाडेकरू मिळाली तर बरं होईल. तिचं नाव ओवी, एवढंच बायडाबाईंनी मुक्ताईला हळूच सांगितलं होतं.

विचारत विचारत सत्यशीला तिच्यापर्यंत पोचली. ओवी आता लग्न होऊन खडकीला राहत होती. बारीक, सावध चेहऱ्याची मुलगी. दार तिने साखळी लावूनच उघडलं आणि फटीतून सत्यशीलाचं सगळं बोलणं ऐकलं. पत्ता ऐकल्यावर तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"माझ्याकडे मांजर नव्हती," ती म्हणाली. "मला फक्त वाटायचं. कुणी तरी येऊन गेलंय असं. आई म्हणाली, तुला पुणं मानवत नाही. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. मी दोन वर्षं त्या गोळ्या घेत होते. म्हणजे खरंच कुणी तरी येत होतं?"

"येत होतं."

ओवीचे डोळे भरून आले, पण त्यात नुसतं दुःख नव्हतं, आपल्या डोक्यात काही बिघडलं नव्हतं याची सुटकाही होती. मग तिने साखळी काढली आणि सत्यशीलाला आत घेतलं.